मांडवाखालचा वर्ग

दापोलीचं नाव काढलं की लोकांना समुद्र आठवतो. सुट्टीत येणारी मंडळी मुरूड-कर्द्याच्या वाळूवर फिरतात, आसूदच्या पोफळींच्या बागांतून केशवराजाच्या देवळापर्यंत चढून जातात, हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघतात आणि फणसपोळी, आंबापोळी बांधून घेऊन परततात. वाचनाची आवड असलेले साने गुरुजींचं पालगड आणि महर्षी कर्व्यांचं मुरूड याच तालुक्यात, हे आवर्जून लक्षात ठेवतात. हे सगळं पाहण्याजोगंच आहे. पण मैत्रिणींनो, दापोली खरी पाहायची तर श्रावणात यावं आणि डांबरी रस्ता सोडून एखाद्या वाडीत शिरावं. आज मी तुम्हांला अशाच एका वाडीत, तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नेणार आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि विसाच्या आत-बाहेर मुलं. यात पाहण्यासारखं काय, असं विचाराल. तर अंगणातला मांडव!

माझं सासर मूळचं इथलंच. यजमानांनी बदली मागून घेतली आणि आम्ही डोंबिवली सोडून दापोलीला आलो. मी इथे एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात घर सांभाळते. माझी धाकटी जाऊ त्या वाडीच्या शाळेत शिक्षिका आहे. एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "ताई, काय करू सांगा हो. पोरं खिचडीतली भाजी बोटांनी वेचून ताटाच्या कडेला लावतात. शिराळं दिसलं की 'बाई, ह्ये बुळबुळीत नको' म्हणतात. शिजवणाऱ्या काकू जीव तोडून करतात आणि शेवटी भाजी जाते कुत्र्याच्या पुढ्यात."

ही तक्रार साधी नव्हती. वाडीतल्या काही मुलांच्या घरी सकाळी चहा आणि भाकरी, एवढंच होतं. त्यांचं दिवसातलं खरं जेवण शाळेतलंच. शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली. शाळेत शिजवलेलं गरम अन्नच मुलांना मिळालं पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. २०२१पासून योजनेचं नाव बदललं, पण ताट तेच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं त्या ताटाचं प्रमाण. म्हणजे वीस मुलं धरली तर रोज एक किलो भाजी झाली. ती किलोभर भाजी शिजते, वाढली जाते आणि पोटात मात्र जात नाही, हे कुठल्याही गृहिणीला खुपेल असंच होतं.

पण मला नवल वाटलं ते वेगळंच. कोकणातल्या वाडीतली मुलं, आणि त्यांना शिराळ्याचं वावडं? आमच्या सासूबाई सांगतात की त्यांच्या वेळी घरटी एक मांडव असायचा. पहिला पाऊस पडला की परड्यात शिराळं, पडवळ, दुधी, काकडी, कारलं यांच्या बिया टोचायच्या आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत बाजाराचं तोंड पाहायचं नाही. आता वाडीत फिरलं तर बऱ्याच परड्यांत नुसता रान-तणाचा पसारा. तरणी माणसं मुंबईला, घरी म्हातारी. शिवाय वानर-माकडांचा उपद्रव इतका, की रात्रंदिवस राखण केल्याशिवाय हाताला काही लागत नाही. "कोन राखनार? त्यापरीस नकोच," असं म्हणून लोकांनी पेरणंच सोडलं. भाजी येते घाटावरून टेंपोत. तिसऱ्या दिवशीचं जून, दोरेदार शिराळं ताटात आलं तर मुलांनी ते का खावं हो?

शाळांनी परसबाग करावी अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढलेल्या आहेत. शाळेत जागा होती, पाऊस तर आपल्याकडे धो धो. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो! मी जावेला म्हटलं, "आपण मांडव घालू. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी मी येत जाईन."

बियाणं विकत आणायचं नाही, असं आम्ही ठरवलं. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे. तिथे पडवळाचा 'कोकण श्वेता', शिराळ्याचा 'कोकण हरिता', कारल्याचा 'कोकण तारा' असे चांगले वाण तयार झालेले आहेत. ते केव्हाही आणता आले असते. पण आधी वाडीत काय शिल्लक आहे ते पाहावं, म्हणून मुलांना घरोघरी पाठवलं. प्रत्येकाने आपल्या आजीला विचारायचं: "आजी, बी आहे का?"

काय काय निघालं म्हणून सांगू! कुणाच्या चुलीवरच्या माळ्यावरून धुराने काळंभोर झालेलं वाळकं शिराळं आलं, हलवलं की आत खुळखुळा वाजणारं. कुणी राखेत घोळलेल्या दुधीच्या बिया कागदाच्या पुडीत आणल्या. लाल भोपळ्याच्या बिया आल्या, काकडीच्या आल्या. पडवळाचं बी मात्र कुठेच मिळेना. शेवटी टेपावर एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे ते सापडलं. त्यांनी डब्यातून मोजून नऊ बिया काढल्या आणि एका तिसरीतल्या मुलीच्या ओंजळीत घातल्या. म्हणाल्या, "माज्या सासूचं बी हाय. चार सालांत लावलं नाय. उगवंल का नाय, सांगवत नाय." जावेने ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं.

पेरणीचं शास्त्र आपल्याला वाटतं तितकं अवघड नाही. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. पडवळ आणि कारल्याचं साल टणक, त्यांना आणखी एक दिवस लागतो. इथल्या तांबड्या मातीतून पाणी भरभर निचरतं, तरी आषाढाच्या धारांत आळ्यात पाणी साचलं की वेल कुजतो. म्हणून खड्डा न करता माती, शेणखत आणि थोडी राख मिसळून हातभर उंच ढिगारे केले आणि त्यांत बिया टोचल्या. सुरूचे वासे, बांबूच्या काठ्या आणि सुंभ यांचा मांडव गावकऱ्यांनी घालून दिला. आठवड्यात शिराळं वर आलं, पाठोपाठ दुधी आणि काकडी. पडवळाच्या नऊ बियांतल्या दोन रुजल्या. दोनच! त्या दिवशी त्या तिसरीतल्या मुलीने शाळा सुटल्यावर टेपावर धूम ठोकली.

आणि मग जुलैत एका दुपारी वानरांची टोळी आली. शनिवारी मी पोहोचले तर मांडवाखाली पानांचा सडा, अर्धे वेल ओरबाडलेले. मुलं पायरीवर गप्प बसून होती. चौथीतला एक जण म्हणाला, "बाई, आमच्या आबांनी सांगितलं व्हतं. ह्याच्यासाठीच लावत नाय कोन." त्याला काय उत्तर द्यावं? त्याच्या आबांचं म्हणणं खरंच होतं. मोठ्या माणसांनी ज्या कारणाने हात टेकले, ते कारण मुलांच्या अंगणात येऊन उभं राहिलं होतं.

तोड निघाली ती हर्णैकडून. मासेमारीची फाटकी, टाकाऊ जाळी कोकणात बागेवर घालतात. वाडीतल्या एकाचे मेव्हणे बंदरावर असतात, त्यांनी दोन मोठी जाळी पाठवली. मांडवाला चारी बाजूंनी जाळं लागलं, वरूनही घातलं. बियांच्या पुड्यांत शिल्लक होतं ते पुन्हा पेरलं. पडवळाचा एक वेल भिंतीकडेला होता म्हणून वाचला होता. नऊ बियांतून आता एकच वेल उरला. मुलांनी त्याच्याभोवती दगडांचं कुंपण केलं.

वेल मांडवावर चढले आणि खरी शाळा सुरू झाली. वेलाची फुलं आपापल्या वेळेला उमलतात, हे आपल्यापैकी किती जणींनी लक्ष देऊन पाहिलंय? लाल भोपळ्याचं मोठं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं, म्हणून ते शनिवारच्या सकाळच्या शाळेतच बघायला मिळतं. काकडी-कारल्याची फुलंही सकाळचीच. शिराळ्याचं पिवळं फूल उमलतं दिवस कलल्यावर, पाचाच्या सुमाराला, म्हणजे नेमकी शाळा सुटायच्या घंटेला! घोसाळं शिराळ्याचं सख्खं भावंड, पण ते मात्र पहाटेचं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, आणि पडवळाचं तर त्याहून उशिरा. त्याच्या पाकळ्यांना अशी नाजूक झालर असते, की एखाद्या बाईने क्रोशाने विणलीय असं वाटावं. ही पांढरी फुलं अंधारात पतंगांना दिसावीत म्हणून पांढरी. सकाळच्या फुलांवर मधमाश्या येतात. मुलांनी फळ्यावर घड्याळ काढलं आणि आकड्यांऐवजी फुलं चिकटवली. पडवळाचं फूल पाहायला मुलं रात्री आया-आजींना कंदील, बॅटऱ्या घेऊन शाळेत घेऊन आली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नरफूल कोणतं आणि मादीफूल कोणतं, हेही मुलं शिकली. लांब, सडपातळ देठाचं ते नर. फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं ते मादी. आधी नरफुलांचाच बहर येतो आणि "फुलं गळतात, फळ धरत नाही" म्हणून आपण उगाच काळजी करतो. झडीच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, मग धरलेली बाळफळंही पिवळी पडून गळतात. अशा वेळी ताजं नरफूल खुडावं, पाकळ्या काढाव्यात आणि आतला पराग मादीफुलाच्या मध्याला हलक्या हाताने लावावा. मुलांनी याला नाव दिलं 'लग्न लावणं'. रोज कुणाचं लग्न कुणी लावायचं याची पाळी ठरली. आपण लावलेल्या लग्नाचं शिराळं धरलं की ते पोर दिवसातून दहा वेळा त्याला बघून यायचं. पडवळाची शेंग धरल्यावर टेपावरच्या आजी स्वतः काठी टेकत आल्या. सुतळीला छोटा दगड बांधून तो शेंगेच्या टोकाला लटकवला, म्हणजे शेंग वाकडी न होता सरळ वाढते. जावेने बाईंची खुर्ची आजींना दिली. त्या दिवशी तास त्यांनीच घेतला.

आता खाण्याचं. आपल्या या वेलभाज्यांची सारी गंमत कोवळेपणात आहे. शिराळ्याला नख लावून पाहावं. अलगद रुतलं तर भाजीचं, नाही रुतलं तर बियाण्याचं. अमेरिकेतही हीच रीत. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिच्या मुलांच्या प्राथमिक शाळेतल्या बागेत 'समर स्क्वॉश' लावतात. झुकिनी म्हणून आपल्या शहरांतही हल्ली मिळते ती याच जातीची. आपल्या लाल भोपळ्याची ती बहीण, पण काकडीसारखी कोवळीच खायची. 'स्क्वॉश' हा शब्दच तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, अर्थ 'कच्चं खायचं ते'. पण तिथे जूनअखेर शाळांना सुट्टी लागते आणि फळं येतात जुलै-ऑगस्टमध्ये. मग पालक पाळ्या लावून पाणी घालतात, आणि सप्टेंबरात मुलं परत येतात तेव्हा झुकिनीचे मुसळाएवढे सोटे झालेले असतात! आपलं किती सोयीचं बघा. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा पेरणी, आणि दीड-दोन महिन्यांत, श्रावणात, पहिली तोड. पेरणारा हात आणि खाणारं तोंड एकच.

तरी पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिटक्या मारल्या, असं मी खोटं सांगणार नाही. लावण्याची हौस वेगळी आणि खाणं वेगळं. नवी चव मुलाच्या जिभेला पटायला आठ-दहा वेळा तरी ती समोर यावी लागते, असं बालआहाराचे जाणकार सांगतात. म्हणून शाळेत तीन वाट्या ठेवल्या: 'आवडलं', 'चालेल', 'नको'. प्रत्येकाला एक चिंचोका. एक घास चाखायचा आणि आपला चिंचोका हव्या त्या वाटीत टाकायचा. 'नको' म्हणायची मोकळीक, पण 'शी' म्हणायचं नाही; कारण ते कुणाच्या तरी हातचं आहे. पहिल्या शनिवारी 'नको'ची वाटी भरली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला 'चालेल'मध्ये चिंचोके दिसू लागले. गोकुळाष्टमीच्या सुमाराला ज्याच्या आबांनी लावू नको म्हणून सांगितलं होतं, त्याच मुलाने शिराळ्याची दुसऱ्यांदा वाढ मागितली. काही मुलं शेवटपर्यंत 'नको'लाच राहिली, तेही सांगायला हवं. पण ताटाच्या कडेला भाजीची रांग लागायची ती खूप कमी झाली.

एक सूचना मात्र मोठ्यांसाठी. दुधी किंवा काकडी चिरली की आधी एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहायचा आणि कडू लागला तर सगळं फळ टाकून द्यायचं. साखर-मिठाने कडूपणा झाकू नये. कडू दुधीच्या रसाने विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही असा रस पिऊ नये, असंच बजावलं आहे. मुलांनाही आम्ही हा नियम पाठ करून घेतला.

शाळेतल्या काकूंनी आणि आयांनी केलेले दोन-तीन पदार्थ तुमच्यासाठी. शिराळं तासताना शिरा टाकू नका. बारीक चिरून तेलावर कुरकुरीत परताव्यात. तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि मिरची भाजून त्यात मिसळावी, मीठ घालून जाडसर वाटावं. भाकरीबरोबर ही चटणी अशी लागते, की भाजीपेक्षा शिरांचीच मागणी होते. भोपळ्याची नरफुलं सकाळी खुडावीत (मादीफुलं खुडलीत तर भोपळा कुठून येणार!), आतला पिवळा दांडा काढून, मुंग्या झटकून धुवावीत आणि बेसनात बुडवून भजी तळावीत. आणि पडवळ? कोवळ्या पडवळाच्या चकत्या, मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या, ओलं खोबरं आणि गुळाचा खडा. श्रावणातल्या सोमवारी याहून काय हवं!

पण शाळेतल्या एकुलत्या वेलाच्या पहिल्या पडवळाची भाजी झाली नाही. ते बियाण्याला ठेवायचं, असा ठराव मुलांनीच केला. पुढच्या शेंगांची भाजी झाली, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन चकत्या आल्या. पहिली शेंग मात्र मांडवावरच पिकून लालभडक झाली. दसऱ्याच्या आधी तिच्यातल्या बिया धुऊन, राखेत घोळून सावलीत वाळवल्या. निम्म्या पुड्या टेपावरच्या आजींकडे गेल्या, निम्म्या मुलांनी घरी नेल्या. पुढच्या पावसाळ्यात वाडीत चार परड्यांत मांडव उभे राहिले, त्यांतल्या तिन्हींवर हर्णैचं जाळं होतं. चौथा उघडाच राहिला, आणि वानरांनी त्याचा समाचार घेतला. पण तेवढ्याने त्या घरची आजी हात टेकून बसलेली नाही.

काळजी आहे ती वेगळीच. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' कराव्यात, असा विचार शिक्षण खात्याने २०२३ साली पुढे आणला होता. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील, शिक्षक जास्त असतील, हे मान्य. पण रात्री पडवळ उमलताना बघायला जी मुलं चालत आली, ती गाडीने जायच्या शाळेत कशी येणार? टेपावरची आजी काठी टेकत तिथवर कशी पोहोचणार? आमच्या वाडीचा पट यंदा किती राहतो, याकडे जाऊबाईंचं लक्ष लागलेलं असतं.

तुमच्यापैकी पुष्कळ जणी शहरात, दोन खोल्यांच्या घरात राहता, हे मला ठाऊक आहे. तरी गच्चीवर किंवा गॅलरीत, जिथे पाच-सहा तास ऊन येतं तिथे, एक जुनी गोणी माती-शेणखताने भरा. जूनमध्ये शिराळ्याच्या चार बिया भिजवून टोचा आणि दोरीने वेल गजांवर चढवा. पाणी मुलांना घालू द्या, फुलाचं लग्नही त्यांनाच लावू द्या. चार महिन्यांत पाच-सहाच शिराळी मिळतील, त्याने महिन्याच्या खर्चात फरक पडणार नाही. पण एक जुनं होऊ द्या आणि त्याचं बी शेजारणीला द्या. आणि गावाकडे सासूबाई, आजी, आत्या असतील तर या मे महिन्यात जाल तेव्हा माळ्यावर, डब्यांत काय आहे ते मुलांना विचारायला सांगा. बी चार-पाच वर्षं टिकतं. त्यापुढे त्याचा भरवसा नाही.